बाकावर बसलेली बाई

(प्रवासवर्णनांवरील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी प्रवासवर्णनांतल्या खाण्यापिण्यावर बोललो होतो. उठताना दोघातिघांनी गाठलं आणि म्हणाले, सर, एकदा म्युझियमवर बोला, कारण ती पानं आम्ही सरळ उलटतो. मी म्हटलं, मीही उलटतो. तर आज ती पानं आपण का उलटतो, एवढंच बघायचं आहे.

आपल्या खानदेशात, जळगाव काय, धुळे काय, गेल्या वीसपंचवीस वर्षांत पुस्तकांचा एक प्रकार फार वाढला. नवरा निवृत्त झालेला असतो. शाळेतून, बँकेतून, नाहीतर पाटबंधारे खात्यातून. मुलगा किंवा मुलगी परदेशात. दोघं तीन महिने तिकडे जाऊन येतात आणि वर्षभरात एक पुस्तक निघतं. स्वखर्चानं. मुखपृष्ठावर दोघांचा फोटो, मागे पूल किंवा मनोरा. प्रकाशन गावातल्याच सभागृहात, नंतर चहा-चिवडा, आणि दहा प्रती वाचनालयाला भेट. याला हसणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला भुसावळहून मुंबईला जाणं म्हणजे प्रवास होता. त्या घरातला माणूस लंडनच्या रस्त्यावर उभा राहतो, तेव्हा त्याला लिहावंसं वाटणारच. प्रश्न पुढचा आहे. तो जे लिहितो त्यात तो स्वतः कितपत असतो?

बाजार, आगगाड्या, शेजारी, थंडी, नातवाची शाळा यांवर लिहिताना ही मंडळी छान लिहितात. नजर असते, विनोद असतो. पण संग्रहालयाचा दिवस उजाडला की भाषा बदलते. एकदम शाळेच्या सहलीचा अहवाल. संग्रहालय कधी स्थापन झालं, किती मजले, किती दालनं. मग ते गणित येतं. तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. 'प्रत्येक वस्तूसमोर एक मिनिट थांबायचं ठरवलं, तर सगळं पाहायला इतकी इतकी वर्षं लागतील.' वाटाड्या सांगतो, लेखक लिहितो, आपण वाचतो आणि कोणीच बेरीज करून बघत नाही. मी एकदा करून बघितली. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत, पण मांडलेल्या सुमारे ८० हजार. म्हणजे शंभरातली एक. ८० हजार मिनिटं म्हणजे १३३३ तास. दहा ते पाच असे रोजचे सात तास धरले तर १९० दिवस. सहा महिन्यांच्या वर थोडे. वर्षं वगैरे काही नाही.

बरं, वर्षं लागोत की महिने, हे गणित मुळात येतं कशाला? माझा अंदाज असा की ते क्षमापत्र आहे. मला काहीच नीट पाहता आलं नाही, हे सांगायची लाज वाटते, म्हणून सांगायचं की ते पाहणं कोणालाच शक्य नाही. पॅरिसला गेलेले लोक मोनालिसाबद्दल लिहितात की चित्र एवढंसंच निघालं. आहेच ते लहान, उंची ७७ सेंटिमीटर आणि रुंदी ५३. पण तिथेही तेच. चित्राचा आकार सांगितला की चित्राबद्दल बोलण्यातून सुटका होते.

आणि मग शेवटी ठरलेलं वाक्य. 'सौ. दमल्या, म्हणून त्या बाकावर बसल्या आणि मी उरलेली दालनं पाहून आलो.' मी या प्रकारची बरीच पुस्तकं चाळली. शब्द थोडे इकडेतिकडे, पण ही बाकावरची बाई बहुतेक ठिकाणी भेटते.

ही बाई आली कुठून? आपल्याकडे नवराबायकोच्या परदेशवारीचं पुस्तक म्हटलं की 'अपूर्वाई' आठवते. १९६० साली आली. पु. ल. आणि सुनीताबाई विलायतेला गेले, सोबत शि. द. फडणीसांची चित्रं, आणि मध्यमवर्गी मराठी घराला परदेश कसा पाहायचा याचा एक नमुना मिळाला. त्या पुस्तकात विनोदाचा पहिला मार लेखक स्वतः खातो. तो गोंधळतो, बावरतो, थाटामाटाला बिचकतो. बायकोवरचा विनोद त्यामुळे खपून जातो. त्यात वरून खाली बघणं नसतं, दोघं एकाच होडीत असतात. नंतरच्या मंडळींनी बायकोवरचा विनोद उचलला, स्वतःवरचा तिथेच ठेवला. हा व्यवहार वाईट झाला. मग १९९० साली सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि वाचक दचकले. का दचकले? तीस वर्षं जी व्यक्ती आपण नवऱ्याच्या वाक्यातून पाहत होतो, ती स्वतः काहीतरी पाहत होती, हे लक्षातच आलं नव्हतं. पुढे मीना प्रभूंसारख्या लेखिका आल्या, 'माझं लंडन' आलं, लिहिणारी व्यक्तीच बाई झाली आणि बाकाचा प्रश्न त्या पुस्तकांपुरता मिटला. आपल्या गावच्या पुस्तकांत मात्र तो बाक अजून आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडे एक छापील पुस्तक आहे आणि एक वही आहे. धुळ्याचं एक जोडपं, ते माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे. बाईंचं माहेर यावलकडचं. मुलगी लंडनला नोकरीला, तिच्याकडे दोघं गेले. ते आता नाहीत. बाई आहेत. नाव सांगायचं नाही या अटीवर त्यांनी वही वाचायला दिली आणि बोलायलाही परवानगी दिली. वही म्हणजे डायरी नव्हे हं. हिशेबाची वही. डावीकडे खर्च, उजवीकडे जागा उरली तर दोन ओळी. या दोघांनी एकाच दिवसाबद्दल लिहिलेलं माझ्यासमोर आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारनंतर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट.

त्यांच्या पुस्तकात हा दिवस नऊ पानांचा आहे. रोझेटा दगड आहे. १७९९ साली सापडला, तीन लिप्या, १८२२ साली शांपोल्यों यांनी वाचला. सगळं बरोबर आहे, एकही चूक नाही. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, त्यावर दीड पान हळहळ आहे आणि ती खरी वाटते. मग इजिप्त, ममी, आणि ममींच्या पुढे आपलं ते वाक्य. सौ. दमल्या, बाकावर बसल्या.

आता वही. डाव्या बाजूला त्या दिवशीचा खर्च. रेल्वेचे दोन पास, दोन चहा, त्यापुढे 'महाग' असा शेरा. उजवीकडे लिहिलं आहे की वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत लाकडाची एक छोटी बाई आहे, ती दळते आहे. 'मी तिच्यासमोर बसले. हे पुढे गेले. बरे झाले.'

ती लाकडी बाई म्हणजे काय, ते सांगतो. चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये श्रीमंत माणसाला पुरताना थडग्यात लहान लाकडी नोकरचाकर ठेवत. परलोकात त्याच्या भाकरीची सोय व्हावी म्हणून. कोणी धान्य दळतंय, कोणी पीठ मळतंय, कोणी बिअर गाळतंय. ब्रिटिश म्युझियममध्ये अशा बाहुल्या आहेत. त्या काळचा पावही आहे, वाळून दगड झालेला. दळणारी बाई गुडघे टेकून बसते. समोर उतरता दगड, आणि दोन्ही हातांनी दुसरा दगड पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. गोल फिरणारं जातं पुष्कळ नंतरचं.

आता बाईंनी काय लिहिलं ते बघा. त्यांनी आधी ओळखलं की हे जातं नव्हे, पाटा-वरवंट्याची रीत आहे. मग लिहिलं की ही गुडघ्यांवर आहे. आपण जात्याला बसताना एक पाय लांब करतो, एक दुमडतो, कंबरेला आधार मिळतो. हिला आधार नाही. हिची कंबर आणि गुडघे, दोन्ही गेले असणार. पुढे आईची आठवण आहे, आणि ती आपोआप घरच्या बोलीत उतरली आहे: 'मायनं पाह्यलं असतं तं म्हनली असती, हे काय दयन झालं का?' आणि शेवटी एक ओळ, जिच्यापाशी मी थांबलो. 'मेल्यावरसुद्धा हिला दळायलाच लावले आहे.'

मंडळी, ही समीक्षा आहे. ती बाहुली कुठल्या राजवंशातली, हे बाईंना माहीत नव्हतं, पण ती वस्तू कशासाठी केली आणि त्यात कोणाचं काय गेलं, हे त्यांनी गाठलं. कारण त्यांच्याकडे त्या वस्तूबद्दल आधीपासून ज्ञान होतं. ते पुस्तकी नव्हतं, कंबरेत होतं. यावलकडे त्या लहानपणी घरोटावर बसलेल्या आहेत. घरोट म्हणजे जातं, आपल्या भागात सांगायला नको. बहिणाबाईंची त्या नावाची कविता आहे, ती जात्याशी बोलता बोलता झालेली आहे. बहिणाबाई १८८० ते १९५१. शाळेत गेल्या नाहीत, आणि त्यांची गाणी छापून आली ती त्या गेल्यावर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. सोपानदेवांनी ती लिहून ठेवली नसती तर? या प्रश्नाला मी नेहमी घाबरतो. जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर आता स्मृती संग्रहालय आहे, घरच्या वस्तू जपलेल्या आहेत. आपण परगावच्या पाहुण्यांना तिथे नेतो, दोन फोटो काढतो. दळणाच्या दगडापुढे अर्धा तास बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. मीही बसलेलो नाही.

गंमत बघा, बाई किती वेळ बसल्या तेही वहीत आहे. नवरा परत आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. मघाचा मिनिटाचा हिशेब आठवा. एका बाहुलीला चाळीस मिनिटं देणारी ही बाई पुस्तकात 'दमलेली' आहे.

मी वहीची आरती ओवाळत नाहीये. ग्रीक दालनांबद्दल वहीत तीन शब्द आहेत: 'बरेच पुतळे पाहिले'. रोझेटा दगडाचा उल्लेख 'गर्दीचा दगड' एवढाच. अमरावती तर नाहीच, आणि तिथे नवऱ्याचं दीड पान खरोखर मोलाचं आहे. दोघांचं मिळून एक पुस्तक झालं असतं तर खानदेशातलं सगळ्यात चांगलं प्रवासवर्णन झालं असतं, असं मला वाटतं. पण छापखान्यात एकच हस्तलिखित गेलं.

आता त्या दिवसाचा दुसरा भाग. हा जरा नाजूक आहे, पण बोलायला हवं.

पुस्तकात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला अडीच पानं आहेत आणि ती सगळी वाघनखांवर आहेत. अफझलखानाची भेट, १० नोव्हेंबर १६५९, शामियाना, चिलखत, सगळं आवेशात. भाषा चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकाची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या रक्तातली. शेवटी लेखकाचे डोळे पाणावतात. मी ती पानं दोनदा वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. वाघनखं दिसतात कशी, ते कुठेच नाही. किती लांब? किती नख्या? पट्टी कशी, अंगठ्या कशा? रंग? काही नाही. पाहिलेल्या वस्तूचा एक तरी खडा वाक्यात लागतो. इथे लागत नाही.

वहीत उलगडा आहे. 'दुसऱ्या म्युझियमला पोचायला उशीर झाला. आत चहा घेतला. दालनाकडे गेलो तोवर बंद करायची वेळ झाली. वाघनखे राहिली. हे फार हिरमुसले. गाडीत बोलले नाहीत.'

तुम्ही म्हणाल, सर, एवढं काय त्यात? बिचाऱ्यानं मनात पाहिली असतील. मी तुमच्या बाजूनं विचार करून बघितला. हजारो मैल जाऊन दार बंद होताना परत फिरलेला इतिहासाचा शिक्षक. गाडीत न बोलणारा. अहो, हेच तर पान होतं! लहानपणापासून मुलांना जी गोष्ट सांगितली, तिच्यापासून चाळीसपन्नास पावलांवर पोचून परतावं लागलं, हे त्यानं लिहिलं असतं तर आपण ते पान कधीच उलटलं नसतं. त्याला वाटलं वाचकाला विजय हवा. त्यानं स्वतःचा खरा दिवस खोडला आणि पाठ्यपुस्तक लिहिलं.

आणि पाहिली असती तर अजून एक अडचण होती, तीही लिहिण्यासारखी. ती वाघनखं जेम्स ग्रँट डफच्या वंशजांकडून त्या संग्रहालयात गेली. ग्रँट डफ म्हणजे १८१८ नंतर साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. वाघनखांच्या पेटीवर शिवाजी महाराजांचं नाव आहे. पण हीच ती वाघनखं, याची खातरजमा करता आलेली नाही, असं संग्रहालयच सांगतं. २०२४ साली ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात, तेव्हा यावरून केवढा वाद झाला, तुम्हाला आठवत असेल. आमचे शिक्षक धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या गावचे. ज्या माणसानं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' जमवण्यासाठी गावोगाव पायपीट केली, जुनी दप्तरं उपसली, कागद दाखवा म्हणत ग्रँट डफला उलटं प्रश्न विचारले, तो माणूस ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेला आणि त्याच्या नावानं पुढच्याच वर्षी तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळ्याच्या इतिहास शिक्षकाला तरी 'कागद कुठे आहे?' हे विचारायला हवं होतं. आदर कमी होत नाही त्यानं. राजवाड्यांचा झाला होता का?

त्याच इमारतीबद्दल आणखी एक राहिलेली गोष्ट सांगतो, ही मात्र नवराबायको दोघांकडूनही राहिली. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. परदेशी पाहुणे जळगावला उतरतात ते बहुतेक त्यासाठीच. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. वर्षानुवर्षं. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्याही लंडनला गेल्या, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. तिथेही आग लागली आणि त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. उरल्या त्या आजही त्याच संग्रहालयाच्या संग्रही आहेत. साऊथ केन्सिंग्टन म्युझियमचंच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झालं. म्हणजे आमचं धुळ्याचं जोडपं ज्या इमारतीत चहा पीत होतं, तिच्या संग्रहात घराजवळच्या लेण्यांची चित्रं आहेत, मुंबईच्या पोरांनी डोंगरात बसून काढलेली. आता अजिंठ्यात ती मूळ चित्रं अंधुक झालीत, काही ठिकाणी पडलीत, तिथे या नकला हाच पुरावा. आपल्या गावच्या प्रवासवर्णनांत ही हकीकत मला अजून कुठे सापडलेली नाही. वाघनखं मिळाली तर मिळाली, नाहीतर काही नाही. मधलं सगळं गायब.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे. 'सामान्य माणसानं हौसेनं लिहिलेल्या पुस्तकाला एवढी कडक फुटपट्टी लावणं योग्य आहे का?' चांगला प्रश्न आहे. उत्तर असं की मी फुटपट्टी त्यांच्या घरातूनच आणली. पुलंची लावली असती तर अन्याय झाला असता. मी त्यांच्याच बायकोची वही लावली. आणि त्यांनाही ती वही ठाऊक होती, कारण पुस्तकातले पौंडांचे आकडे तिच्यातूनच घेतलेले आहेत. डावी बाजू घेतली. उजवी त्यांनी वाचली की नाही, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'वाचली असेल. बोलले नाहीत कधी.'

वहीत परत आल्यानंतरचीही काही पानं आहेत. जुलै महिना, पाऊस, मुलीच्या फोनचा खर्च, सांधेदुखीचं तेल. त्यात एका रविवारी अशी नोंद आहे की धुळ्यात इतकी वर्षं राहून दोघं कधी राजवाडे मंडळाचं संग्रहालय पाहायला एकत्र गेले नव्हते. ते मुलांना घेऊन जायचे, शाळेच्या सहलीबरोबर. या वेळी त्यांनीच म्हटलं, चल. हे पुस्तकात नाही, पुस्तक विमानतळावर संपतं. वहीत डावीकडे आहे 'रिक्षा जाऊन येऊन ६० रु.'. उजवीकडे दोन ओळी. 'जुन्या मूर्ती, पोथ्या. हे एकेक समजावून सांगत होते. मग मी एका मूर्तीपाशी थांबले तर हेही थांबले.'